दिवाळखोरीच्या फर्ममध्ये इंटर्नशिप : भाचीला पाठवावं का?

भुदरगडी_मामा (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, एक घरगुती पेच आहे.

भाची पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात चार आठवड्यांची इंटर्नशिप करायची आहे आणि दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक पुण्यातलेच वकील, दिवाणी कामं, घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं, जेवायला घरी. दुसरी मुंबईत फोर्टातली फर्म, पाटीवर 'रिस्ट्रक्चरिंग अँड इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅडव्हायझरी'. महिन्याला आठ हजार देणार. पीजीवाली बाई खाटेचे चौदा मागते. म्हणजे इंटर्नशिप करण्यासाठी आम्हीच महिन्याला सहा हजार भरायचे, वर वडापाव वेगळा.

पोरीला मुंबईच हवी. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणते, "करियरची सुरुवात दिवाळं निघालेल्यांच्या दारात कशाला?" आमच्याकडे सांजवेळी 'दिवाळं' हा शब्दसुद्धा काढत नाहीत. मला निकाल द्यायला सांगितलाय कारण मी घरातला एकमेव बी.कॉम. या कामात इंटर्न नक्की काय करतात? पुढे उपयोग होतो का? आणि भाचीचा स्वतःचा प्रश्न असा, की झेरॉक्स काढायला तर नेत नाहीत ना?

सातारी_तर्री (रविवार, ९.५२)

आठ हजार मिळवायला चौदा हजार खर्च. मामा, इंटर्नशिप आधी तुमचीच सुरू झाली. दावा दाखल करा.

लेजरबुक (रविवार, १०.१५)

मी सीए, सांगली. कामाचं स्वरूप आधी सांगतो, निकाल नंतर.

२०१६ साली नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांबद्दलची कलमं १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाली. कंपनीने देणं थकवलं की बँक, माल पुरवणारा किंवा खुद्द कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या राष्ट्रीय न्यायाधिकरणात, अर्ज करते. थकबाकीची किमान मर्यादा आधी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये एक कोटी केली. अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कंपनीची किल्ली एका परवानाधारक माणसाच्या हातात जाते. हा आरपी, म्हणजे रिझोल्यूशन प्रोफेशनल. त्याने कारखाना चालता ठेवायचा, कोणाचं किती देणं आहे ते तपासायचं, घेणेकऱ्या बँकांची समिती बसवायची आणि नवा मालक शोधायचा. नव्या मालकाच्या योजनेला समितीची ६६ टक्के मतं पडली तर ती मंजूर, नाहीतर कंपनी लिलावात.

मुदत कायद्याने १८० दिवस, वाढवून २७०, कोर्टकज्ज्यासह ३३०. प्रत्यक्षात दोन दोन वर्षं चालतात.

एकटा आरपी हे करूच शकत नाही. म्हणून त्याच्यामागे अशी फर्म असते, फर्ममध्ये पाचसात सीए-वकील असतात आणि त्यांच्याही मागे इंटर्न असतात. भाचीचं काम बहुधा दाव्यांच्या छाननीत असेल.

खडूस_काका (रविवार, १०.३०)

निवृत्त बँकवाला आहे. लेजरबुक यांनी नीट लिहिलंय, भर घालतो. पूर्वी आजारी उद्योगांसाठी १९८५ चा कायदा आणि बीआयएफआर नावाचं मंडळ होतं. प्रकरण तिथे गेलं की वसुली थांबायची, मालक गाडीतून फिरायचा आणि आम्ही वर्षानुवर्षं तारखांना दिल्लीला. कंपनी आजारी, प्रवर्तक ठणठणीत. नव्या कायद्याने मालकाच्या हातून किल्ली काढली, माझ्या मते त्याचा खरा दणका तोच. २०१७ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने बारा मोठ्या खात्यांची यादी काढून बँकांना एनसीएलटीत जायला लावलं, तेव्हा आमच्या शाखेत चहा कमी आणि फोन जास्त झाले होते.

पोरीला जरूर पाठवा. पण तिला एक सांगा. फर्ममध्ये कळलेलं घरी बोलायचं नाही. विशेषतः मामाला.

भुदरगडी_मामा (रविवार, १०.३४)

मामाने काय केलं?

खडूस_काका (रविवार, १०.४१)

मामा "दोन रुपयांना मिळतोय, वर जाईल" म्हणून शेअर घेतात. नोंदणीकृत कंपनीबद्दल आतली माहिती हाती असताना व्यवहार करणं हा गुन्हा आहेच. शिवाय बहुतेकदा पैसेही जातात. डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी आठवा. २०२१ मध्ये योजना मंजूर झाली, भागधारकांच्या हाती शून्य आणि शेअर बाजारातून बाहेर. शेवटच्या आठवड्यांपर्यंत लोक घेत होते. माझ्या सोसायटीतले दोघे.

तळटीप (रविवार, ११.०५)

अवांतर, पण मामांच्या बहिणीसाठी उपयोगी पडेल.

'दिवाळं'बद्दल जुनी समजूत अशी, की देणी भागवणं अशक्य झालेला व्यापारी पेढीवर भर दिवसा दिवा लावून बसे. बघणाऱ्याला कळायचं. खरं-खोटं जाणकार सांगतील, पण चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात लबाडीपेक्षा कबुली जास्त आहे.

आणि 'नादारी' तर आपल्याकडे शाळेतला शब्द होता. माझ्या वडिलांना हायस्कुलात नादारी होती, म्हणजे गरिबीमुळे फी माफ. मुख्याध्यापक वर्गात येऊन नादारी मिळालेल्यांची नावं वाचत आणि वडील सांगत की मान खाली घालून उभं राहावं लागे. आता तोच शब्द हजारो कोटींच्या कंपन्यांना लागतो आणि कोणाची मान खाली जात नाही.

सातारी_तर्री (रविवार, ११.०८)

कंपन्यांनाही माफीच मिळते. फक्त तिला हेअरकट म्हणतात.

आडवळण (सोमवार, सकाळी ८.२०)

मी विरुद्ध बाजूने लिहितो. पाठवू नका.

मी चार वर्षांपूर्वी अशाच एका फर्ममध्ये होतो, नाव घेत नाही. पूर्ण महिना पीडीएफला नावं देण्यात गेला. 'बँक_अबक_सॅन्क्शन लेटर_तारीख', अशा सातशे फायली. व्हर्च्युअल डेटा रूममध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या ऑनलाइन कपाटात, चढवायच्या, चुकल्या की परत उतरवायच्या. एनसीएलटीत एकदा नेलं, तेही फायलींचं खोकं उचलायला. आमचं प्रकरण पुकारलं, समोरच्या वकिलांनी वेळ मागितली, पुढची तारीख. दीड मिनिट. स्टायपेंड शून्य. सर्टिफिकेटवर लिहिलं 'रिसर्च अँड ड्राफ्टिंग'.

शिवाय ही सगळी इंडस्ट्री मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी आहे. आरपीची फी, सल्लागारांची फी, वकिलांची फी हा प्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या आधी वसूल होतो. कामगार रांगेत मागे.

शिरीषकळी (सोमवार, ११.१५)

@आडवळण, तुमच्या सातशे फायलींबद्दल सहानुभूती. माझ्याही चारशे होत्या. पण माझा अनुभव निराळा आहे, तो सविस्तर लिहिते. मी लॉची विद्यार्थिनी असताना एका उन्हाळ्यात अशा फर्ममध्ये चार आठवडे होते, पुढच्या वर्षी त्यांनीच परत बोलावलं. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असल्यामुळे कंपनी कोणती ते विचारू नका. बंद पडलेला कारखाना होता एवढं पुरे.

पहिल्या दिवशी सरांनी लॅपटॉपवर एक एक्सेल उघडून दिली आणि शेजारी तीन खोकी ठेवली. दाव्यांचे फॉर्म. प्रत्येक जातीच्या घेणेकऱ्याचा फॉर्म वेगळा असतो. माल पुरवणाऱ्यांचा 'बी', बँकांचा 'सी', घर बुक केलेल्यांसारख्या मोठ्या गटाचा 'सीए', कामगार-कर्मचाऱ्यांचा 'डी', बाकीच्यांचा 'एफ'. आपण फॉर्म वाचायचा, सोबतचे कागद बघायचे, कंपनीच्या टॅलीतल्या नोंदीशी ताडायचे आणि किती रक्कम मान्य, किती नामंजूर, का, ते एका ओळीत लिहायचं. शेवटची सही आरपीची, पण ती ओळ आपली.

पहिल्या आठवड्यात एका बँकेच्या दाव्यात काहीतरी खुपत होतं. दोनदा बेरीज केली, बरोबर येत होती. मग लक्षात आलं, बँकेने व्याज फॉर्म भरल्याच्या तारखेपर्यंत लावलंय. दावा दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचाच धरतात. मधे अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांच्या व्याजात माझी पाच वर्षांची फी भागून वर उरलं असतं. सरांना दाखवलं तर त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बँकेला मेल लिही, मला दाखव, मग पाठव." कॉलेजात कंपनी लॉचा पेपर दोनदा शिकले होते, पण तारीख हा पैसा असतो हे तेव्हा कळलं.

'डी' फॉर्मची खोकी मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती उघडली आणि दोन दिवस दुसरं काही केलं नाही. लोकांनी झेरॉक्स नव्हे, मूळ कागद पाठवले होते. एका पाकिटात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र, त्यावर तरुण चेहरा, आणि सोबत पगाराच्या सहा चिठ्ठ्या, स्टेपल नको म्हणून सुईदोऱ्याने टाचलेल्या. दाव्याच्या रकमेच्या चौकटीत आकड्याऐवजी लिहिलं होतं, 'साहेब, हिशोब तुमच्याकडे आहे, जे निघेल ते.' आता एक्सेलच्या त्या रकान्यात काय भरायचं? सीनियर मॅडमनी सांगितलं, हजेरीपत्रक आणि पीएफच्या नोंदीवरून आपण काढायचा आकडा, आणि मूळ कागद परत पाठवायचे. माझं पुढचं दोन दिवसांचं काम पत्ते लिहिणं हे होतं. झेरॉक्सही काढल्या हो, पण त्या सर्वात गरजेच्या झेरॉक्स होत्या.

म्हणून @मामा, झेरॉक्स काढायला लागेल. कशाची ते तिला विचारायला सांगा.

नर्मदा (सोमवार, ११.३०)

शिरीषकळी, प्रतिसाद आवडला. सुईदोरा वाचून थांबले.

वाळूजकर (सोमवार, दुपारी १.५०)

मी खोक्याच्या त्या बाजूचा माणूस. वडील ज्या कंपनीत होते ती बंद पडून प्रकरण मुंबईत गेलं. गेटवर कागद चिकटवला होता, त्यात ईमेल आयडी. आम्हाला वाटलं फसवणूक आहे. मग पेपरात मराठीत जाहिरात आली, ती वाचून तर खात्रीच पटली, कारण त्यात आरपीला लिहिलं होतं 'हंगामी ठराव व्यावसायिक'. वडील म्हणाले, ठराव करायला ही काय ग्रामसभा आहे?

शेवटी दिलेल्या नंबरावर फोन केला. एका पोरीने उचलला. मराठीत बोलली, हे महत्त्वाचं. तोवर कंपनीच्या प्रत्येक कागदावर इंग्रजीच पाहिलं होतं. तिने विचारलं, बँकेच्या पासबुकात पगार जमा झाल्याच्या नोंदी आहेत ना? मग त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवा, चिठ्ठ्या हरवल्या असल्या तरी चालेल. घाबरू नका, काका फॉर्म भरताना अडले तर परत फोन करा. ती इंटर्न होती का नोकरीला, माहीत नाही. आवाजावरून माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल.

पैसे पूर्ण मिळाले का? नाही. त्याबद्दल वेगळा धागा लागेल. पण आडवळणदादांच्या लोण्याबरोबर हेही नोंदवून ठेवा.

आडवळण (सोमवार, २.१०)

वाळूजकर, नोंदवलं. त्या पोरीला स्टायपेंड किती होता हा प्रश्न तरीही उरतो.

लेजरबुक (सोमवार, ३.००)

आडवळण, 'कामगार रांगेत मागे' हे अर्धं बरोबर आहे. लिलावाची वेळ आली तर पैसे वाटायचा क्रम कलम ५३ मध्ये ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारणावर कर्ज देणारे आणि कामगारांचे २४ महिन्यांचे पगार, दोघे एकाच पायरीवर. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने, मग विनातारण कर्जवाले, मग सरकारी कर, अगदी तळाला भागधारक. म्हणजे कागदावर कामगार वर आहे. अडचण अशी की त्याच पायरीवर बँक हत्तीसारखी उभी असते आणि पायरी अरुंद. पीएफ-ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी, ती रक्कम लिलावाच्या मालमत्तेत धरतच नाहीत, पण कंपनीने फंडात पैसे भरलेच नसले की तिथून वाद सुरू होतो.

या वादांचे निकाल वाचणं हे लॉच्या पोरांना फर्ममध्ये मिळणारं खरं काम. सीएची पोरं आकडे बघतात, लॉची पोरं निकाल काढून देतात. भाचीला दोन्हीतलं थोडं यायला हवं.

सातारी_तर्री (सोमवार, ३.१२)

हेअरकटवरून आठवलं. व्हिडिओकॉनचा निकाल. आपल्या औरंगाबादची कंपनी. चौसष्ट हजार कोटींच्या वर दावे मान्य आणि योजना साधारण २९६२ कोटींची. २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने योजना मंजूर करतानाच आदेशात विचारलं होतं, याला हेअरकट म्हणायचं की मुंडण. आमच्या गावच्या न्हाव्याने शेंडी तरी ठेवली असती.

खडूस_काका (सोमवार, ३.२५)

पुढचंही सांगा. अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. इंटर्न मुलांनी वर्तमानपत्राच्या मथळ्यावर थांबू नये ते यासाठी. जेट एअरवेजचं तसंच. विमानं एप्रिल २०१९ ला जमिनीवर, जूनमध्ये प्रकरण मुंबईत दाखल, २०२१ ला योजना मंजूर, सगळ्यांनी पेढे वाटले आणि नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, विका. साडेपाच वर्षं. त्या काळात तीन पिढ्यांचे इंटर्न त्या फायलीवर शिकून बाहेर पडले असतील.

टेम्सकाठी (सोमवार, रात्री ८.००)

इकडचा अनुभव. मी मूळची डोंबिवलीची, मास्टर्सच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एका मध्यम फर्मच्या रिस्ट्रक्चरिंग टीममध्ये होते. इथे १९८६ चा इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, आणि काम परवानाधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनरच करू शकतो. परीक्षा कठीण. लोक आठदहा वर्षं टीममध्ये घासतात.

एक दुकानांची साखळी बसली. पहिल्याच दिवशी आम्हा पोरांना फोनवर बसवलं. दिवसभर एकच प्रश्न, माझ्याकडे गिफ्ट कार्ड आहे, चालेल का? उत्तर असं, की आता तुम्ही या कंपनीचे विनातारण घेणेकरी झालात, हा फॉर्म भरा. नातवाच्या वाढदिवसाचं वीस पौंडांचं कार्ड घेऊन बसलेल्या आजीला 'तुम्ही घेणेकरी आहात' सांगायचं. पहिल्या दिवशी मी कागदावर लिहून दिलेलं वाक्य वाचत होते. तिसऱ्या दिवशी वाक्य बाजूला ठेवलं आणि आधी "सॉरी" म्हणायला लागले, मग बाकीचं.

मामा, पुण्याच्या वकिलांकडे चांगलंच शिकेल. पण एवढ्या लोकांशी एकाच महिन्यात बोलणं तिथे होणार नाही.

कोरडवाहू (सोमवार, ९.१५)

आमच्या साखर कारखान्यात पाठवा ना पोरीला. दिवाळखोरीच दिवाळखोरी.

लेजरबुक (सोमवार, ९.२२)

कोरडवाहू, हलकेच घ्या. पण सहकारी कारखान्याला ही वाट सहसा नाही. तो सहकार कायद्याखाली, तिथे अवसायक नेमतात. बँक तारण विकायला सरफेसी हा थकीत कर्जाच्या वसुलीचा कायदा वापरते.

तळटीप (सोमवार, ९.३०)

बघा, 'अवसायक' हा आपल्याकडचा मुरलेला शब्द. सहकारी बँक बुडाली की गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. तो असताना जाहिरातीत 'लिक्विडेटर' छापतात. आणि 'रिझोल्यूशन'ला 'ठराव' करणाऱ्याला माझ्याकडून नादारी. 'निराकरण' म्हणा, 'तोडगा' म्हणा. 'तोडगा अधिकारी' कसं वाटतं?

सातारी_तर्री (सोमवार, ९.३३)

लिंबू-मिरची बांधून देणारा वाटतो.

मीठभाकर (मंगळवार, सकाळी ७.४५)

लॉवाल्यांसाठी. बार कौन्सिलच्या नियमाने पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप, तीन वर्षांच्याला १२, आणि एका वर्षात सलग चारच्या वर नाही. म्हणजे भाचीकडे अजून बरेच महिने आहेत. यंदा मुंबई, पुढच्या वर्षी पुण्याचे वकील. एवढा मोठा पेच नाहीये हो.

भुदरगडी_मामा (मंगळवार, ८.१०)

मीठभाकर, हे आमच्या घरात कोणालाच सुचलं नाही. बी.कॉम.ला पण नाही.

शिरीषकळी (मंगळवार, १०.००)

जायचं ठरलं तर आधी एवढं करून जायला सांगा. आयबीबीआयच्या, म्हणजे दिवाळखोरीवरच्या नियामक मंडळाच्या, साइटवर कंपन्यांच्या जाहीर घोषणा येतात, त्यातल्या चारपाच वाचाव्यात. एखाद्या गाजलेल्या प्रकरणाचा मूळ आदेश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा, यूट्यूबवरचा सारांश नको. एक्सेलमध्ये एक्सलुकअप आणि समइफ्स हात न थरथरता यायला हवं. बँकेचं स्टेटमेंट वाचता यायला हवं, म्हणजे पैसा कुठून आला, कुठे गेला आणि प्रवर्तकाच्या मेहुण्याच्या कंपनीत का गेला. कंपनी बुडायच्या आधीच्या काळात नातलगांना केलेले व्यवहार उकरायचं कलम ४३ पासून पुढे आहे. ते काम मिळालं तर नशीब समजावं, थेट गुप्तहेरी.

आणि पहिल्याच आठवड्यात विचारावं, "मला एखाद्या बैठकीला मागे बसू द्याल का?" घेणेकऱ्यांच्या समितीच्या बैठकीला बसता येईलच असं नाही, पण न विचारता कोणी बोलावत नाही. मी विचारलं होतं. पाच तास बसले. दोन तास सिक्युरिटी गार्डच्या बिलावर वाद. कारखाना बंद असला तरी तांब्याच्या तारा चोरीला जाऊ नयेत म्हणून गार्ड लागतात, आणि त्यांचा पगार कोण देणार यावर आठ बँका गप्प.

खडूस_काका (मंगळवार, १०.२०)

त्या गप्प बसणाऱ्यांत मी होतो, बहुधा दुसऱ्या एखाद्या बैठकीत. प्रत्येकाला वरून मंजुरी आणायची असते हो.

पाटीपेन्सिल (मंगळवार, १२.४०)

प्रश्न. इंटर्नशिप करून पुढे आरपी होता येतं का?

लेजरबुक (मंगळवार, १.०५)

लगेच नाही. सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील म्हणून दहा वर्षांचा अनुभव आणि मग परीक्षा. घाई असेल तर हरियाणात मानेसरला दोन वर्षांचा ग्रॅज्युएट इन्सॉल्व्हन्सी प्रोग्रॅम आहे, २०१९ पासून. त्यात दहा वर्षं थांबावं लागत नाही. पण पोरांनो, हजार कामगारांच्या गेटवर 'आता मी मालकाच्या जागी आहे' सांगायला पांढरे केस उपयोगी पडतात.

आणखी एक. पाटीवर आधी 'रिस्ट्रक्चरिंग' लिहिलंय तेही बघा. त्या फर्मकडे कोर्टाबाहेरची कामंही असणार. कंपनी अजून चालू आहे, हप्ते थकताहेत, बँकांशी बोलणी. तिथे इंटर्नला तेरा आठवड्यांचा रोख पैशांचा तक्ता करायला देतात. सोमवारी किती येणार, शुक्रवारी पगार, जीएसटी, वीजबिल. अकाउंटिंगच्या चार वर्षांत शिकलो नाही ते मला त्या एका तक्त्याने शिकवलं. नफ्यातली कंपनीसुद्धा सातव्या आठवड्यात कोलमडताना दिसते.

भुदरगडी_मामा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०)

धागा वर काढतोय. अपडेट द्यायचा राहिला.

भाची गेली. बहिणीला तळटीप यांचं शाळेतल्या नादारीचं वाचून दाखवलं. त्यावर ती बराच वेळ गप्प होती. आमच्या वडिलांनाही होती, हे मला तिच्याकडूनच कळलं. मग म्हणाली, जाऊ दे तिला. पीजी फोर्टात परवडेना, दादरला मिळालं, अकरा हजारांत. तीन हजारांचा तोटा मामा सोसतोय.

पहिला आठवडा पीडीएफला नावं. आडवळण, तुमची आठवण काढली. दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीची मराठी जाहिरात तपासायला दिली, कारण टीममध्ये मराठी वाचणारी ही एकटी. त्यात 'ठराव व्यावसायिक' होतंच. तिने 'निराकरण व्यावसायिक' सुचवलं. सीनियर म्हणाले, मागच्या सगळ्या जाहिरातींत ठरावच आहे, आता बदललं तर वेगळाच माणूस नेमलाय असं वाटेल. ठरावच छापलं.

एनसीएलटीत दोनदा गेली. दोन्ही वेळा तारीख.

कंपनीचं नाव सांगत नाही. मीही विचारत नाही. तिने फोनवर एवढंच विचारलं, "मामा, कामगाराने मूळ सर्व्हिस बुक पाठवलंय, परत पाठवताना पाकिटात चिठ्ठी घातली तर चालेल का?" मी म्हटलं, फर्मला विचार. फर्म म्हणाली, अधिकृत पत्राखेरीज काही नको.

शिरीषकळी (रविवार, ८.५०)

फर्म बरोबर आहे. पत्ता मात्र हाताने लिहायला कोणी अडवत नाही. मी तसंच करायचे.

वाळूजकर (रविवार, ९.०२)

आमचं पाकीट परत आलं होतं. पत्ता मराठीत, वळणदार अक्षर. वडिलांनी पाकीटसुद्धा ठेवलंय.

तळटीप (रविवार, ९.१०)

'निराकरण'चा पराभव मान्य नाही. लढा चालू राहील.

कोरडवाहू (रविवार, ९.२५)

विषय सोडून विचारतो. पतसंस्थेत चार लाख अडकलेत, अवसायक नेमून दोन वर्षं झाली. फॉर्म कुठला भरायचा? बी का डी?

लेजरबुक (रविवार, ९.३१)

कोरडवाहू, यातला एकही नाही. ते वेगळं खातं, वेगळे कागद. नवीन धागा काढा, पावत्यांच्या तारखा लिहा, बघतो.